हॅडलीचा आठवा हिस्सा

तारीख वाचली आणि एल्वूड हॅडलीच्या हातातला कागद थरथरायला लागला. खरं तर घाबरण्यासारखं त्या कागदावर काही नव्हतं. व्हिएन्नाहून आलेली कार्बनची निळसर प्रत, कडा जरा चुरगळलेल्या, धान्याच्या टनांचे चार रकाने. दुपारी दोन वाजता कॉनवेसाहेबांबरोबर टेकडीवर, म्हणजे संसदेच्या समितीपुढे, जायचं होतं, म्हणून कचेरीतल्या मिस डोर्टीनं सकाळीच ऑस्ट्रियाची पेटी त्याच्या टेबलावर आणून आदळली होती. पेटीत सगळ्यात खाली मूळ कागद असतात. ते कोणी बघत नाही. खात्याकडून वर आलेला स्वच्छ गोषवारा बघितला की काम भागतं. हॅडलीनं आज उगाचच तळ उपसला आणि हा कागद हाताला लागला. वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं : अकराव्या महिन्याचा सतरावा दिवस, १९४७. नोव्हेंबर नव्हे. अकरावा महिना. त्यानं कागद टेबलावर ठेवला, वर काचेचं वजन ठेवलं. कागद हलायचा थांबला, हात थांबला नाही. मग त्यानं हात खिशात घातला आणि कॉफी जास्त झाली असेल असं स्वतःला सांगितलं. सकाळपासून त्यानं एकच कप घेतला होता.

अशी तारीख लिहिणारी माणसं आता किती उरली असतील? त्याच्या लहानपणी इंडियानातल्या त्या गावात सगळेच तशी लिहीत. जुन्या वळणाचे, क्वेकर पंथाचे ख्रिस्ती सगळे. वारांना आणि महिन्यांना मूर्तिपूजकांच्या देवांची नावं दिलेली आहेत, ती आपण कशाला तोंडात घ्यायची, असं त्याचे वडील म्हणत. घरात सोमवार नव्हता, जानेवारी नव्हता. दुसरा दिवस होता, पहिला महिना होता. कॉलेजात गेल्यावर एल्वूडनं वहीवर पहिल्यांदा 'मंगळवार' असं लिहिलं तेव्हा त्याला शिवी लिहिल्यासारखं वाटलं होतं, आणि खोटं कशाला बोला, मजाही वाटली होती. त्याला आता तीस वर्षं झाली. आता तो सगळ्यांसारख्या तारखा लिहितो, सगळ्यांसारखा टाय बांधतो, प्रार्थनासभेला जात नाही, आणि कोणी धर्म विचारलाच तर बायकोच्या चर्चचं नाव सांगून मोकळा होतो. कागदाखाली सही होती सायलस मेंडनहॉल याची. या मेंडनहॉलला त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. पण तो गुडघ्यांवर हात ठेवून कसा बसत असेल, न्यायाधीशालाही कसा 'तू' म्हणत असेल, कोणापुढे टोपी म्हणून काढत नसेल, हे सगळं त्याला पुरतं ठाऊक होतं. आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. हा माणूस आकडा फुगवणार नाही.

रकान्यांच्या खाली चार ओळी होत्या, सरकारी नमुन्यात कुठेच न बसणाऱ्या. "शहरातल्या माणसाला रोज पंधराशे पन्नास उष्मांक मिळतील एवढं धान्य मागितलं आहे. सहाशे बारा शाळकरी मुलं मी स्वतः तोलली, त्यावरून हा आकडा काढला. यात वाढवून काही घातलेलं नाही. कमी मागून भागत असतं तर कमी मागितलं असतं." शेवटचं वाक्य हॅडलीनं पुन्हा वाचलं आणि त्याला वडिलांच्या दुकानातला ताग आणि रॉकेल यांचा मिसळलेला वास आला. लेवाय हॅडलींचं खिळे, दोरखंड आणि कंदील विकायचं दुकान होतं. बाहेरगावचे शेतकरी घासाघीस करायला लागले की ते संथपणे म्हणत, "अरे, किंमत कमी होण्यासारखी असती तर तुला आधीच कमी सांगितली असती." लोक चिडत, पाय आपटत जात आणि पुढच्या आठवड्यात परत येत. एल्वूड चौदा वर्षांचा असताना एकदा वडील जेवायला घरी गेले होते, एका गिऱ्हाइकानं फारच गळ घातली, म्हणून त्यानं कंदिलावर पाच सेंट सोडून दिले. वडील परत आल्यावर रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "मग तू आधी सांगितलीस ती किंमत खोटी होती का?" त्या घरात सारखं असंच व्हायचं. कोणी मारत नसे, ओरडत नसे, नुसता एक प्रश्न विचारत आणि तो रात्रभर अंगाखाली खड्यासारखा टोचत राही.

म्हणून तर वॉशिंग्टनला आल्यावर त्याला कोण सुटल्यासारखं वाटलं होतं! या कचेरीत आकडा म्हणजे नुसती बोलण्याची सुरुवात. ज्याला शंभर हवेत त्यानं एकशे पंधरा मागायचे, तपासणाऱ्यानं पंधरा छाटायचे, दोघांनी गंभीर चेहऱ्यानं सह्या करायच्या. मागणारा खोटं बोलत नाही, छाटणारा क्रूर नसतो, रीतच तशी आहे. युद्ध संपल्यावर परदेशांना द्यायच्या मदतीचे अंदाज यायला लागले, तेव्हा तर या रिवाजाला बहरच आला. एका देशाच्या मागणीत खेचरांचे नाल इतके होते की हॅडलीनं भागाकार केल्यावर दर खेचराला सहा पाय निघाले. तो कागद महिनाभर कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता आणि लोक पोट धरून हसत होते. त्या दिवसापासून हॅडलीचं नाव झालं. सगळ्या देशांच्या सगळ्या मागण्या तपासून त्यानं ठरवून टाकलं की फुगवटा सरासरीनं आठवा हिस्सा असतो, आणि पुढे पुढे तो प्रत्येक वेळी खेचरांचे पाय मोजत बसेनासा झाला. आठवा हिस्सा काढायचा आणि पुढची फाईल घ्यायची. कचेरीत त्याला 'हॅडलीचा आठवा' असंच म्हणत. टेकडीवरसुद्धा म्हणत असावेत. खोटं कशाला, त्याला ते ऐकायला आवडे.

ऑस्ट्रियाचा आठवा हिस्सा त्यानं डिसेंबरात काढला होता. वीस मिनिटं लागली असतील. त्याला स्पष्ट आठवलं, तो अंड्याचं सँडविच खात होता, पावाचा चुरा गोषवाऱ्यावर पडला आणि तो त्यानं फुंकर मारून उडवला. गोषवाऱ्यावर ना तारीख होती ना मेंडनहॉलचं नाव. तिथे टन होते. टन काही कोणाच्या पोटात जात नाहीत, त्यामुळे छाटताना माणसाला काही होत नाही. आता त्यानं पेन्सिल घेतली आणि खिशातला हात बाहेर काढून हिशेब मांडला. तिथे पिकतं ते सोडलं तर पंधराशे पन्नासातले नऊशे बाहेरून जायचे. नऊशेचा आठवा भाग एकशे बारा. म्हणजे उरले चौदाशे अडतीस. आकडे वेडेवाकडे आले होते. त्यानं ते खोडरबरानं पुसले, पण कागदावर पेन्सिलीची खूण उमटून राहिली होती आणि ती तिरप्या उजेडात वाचता येत होती.

चौदाशे अडतीस म्हणजे काय, हे या शहरात फार थोड्यांना कळत असेल, आणि हॅडलीच्या दुर्दैवानं तो त्यांतला एक होता. त्याच्याहून वीस वर्षांनी लहान असलेला त्याचा धाकटा भाऊ मर्ल लढायला गेला नाही. हातात बंदूक धरणार नाही म्हणाला. अशा पोरांना सरकार दुसरी कामं देई. मर्लनं एका विद्यापीठात स्वतःला उपाशी ठेवून घ्यायचं काम पत्करलं. युद्धानंतर भुकेल्या लोकांना पुन्हा कसं उभं करायचं याचा तिथे अभ्यास चालला होता. सहा महिने त्याला रोज सोळाशेच्या थोडंसं आत खायला मिळत होतं. पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात एल्वूड त्याला भेटायला गेला. जुलैचा उकाडा, लोक सदऱ्याच्या बाह्या सारून फिरत होते, आणि मर्ल स्टेशनवर लोकरी कोट घालून उभा. काखेत एक उशी. "ही कशाला?" एल्वूडनं विचारलं. "बसायला," मर्ल म्हणाला, "हाडं टोचतात रे." एल्वूडला खाणं मागवायचा संकोच वाटत होता, पण मर्लनंच आग्रह केला, त्याला कोणीतरी खाताना बघायचं होतं. त्यानं ॲपल पाय मागवायला लावला आणि समोर बसून घासाघासाला म्हणत राहिला, "हळू खा. हळू खा ना एल्वूड, एवढं भरभर काय खातोस?" शेवटी ताटली रिकामी झाली. मर्लनं तिच्यावरून बोट फिरवलं, बोट तोंडापर्यंत नेलं आणि तिथेच थांबला. त्याला ठरवून दिलेल्या अन्नात हे बसत नव्हतं. कोणी बघत नव्हतं, कोणाला कधी कळलं नसतं. त्यानं बोट रुमालाला पुसलं आणि टेबलावर डोकं ठेवून रडला. तो सोळाशेच्या आतला माणूस होता, आणि चांगला धट्टाकट्टा तरणाबांड गडी म्हणून तिथे गेला होता. मेंडनहॉलनं तोललेली मुलं कधीच धट्टीकट्टी नसणार.

साडेदहाला तो कागद घेऊन कॉनवेसाहेबांच्या खोलीत गेला. कॉनवे खिडकीशी उभे राहून दुपारचं भाषण पुटपुटत होते. माणूस वाईट नव्हता. ख्रिसमसला सगळ्यांच्या मुलांची नावं लक्षात ठेवून भेटी देणारा होता.

"साहेब, ऑस्ट्रियाचा आकडा मी चुकीचा कापला."

"सगळेच आकडे आपण चुकीचे कापतो, हॅडली. त्याचाच तर पगार मिळतो."

"नाही, यात फुगवटा नव्हताच. जेवढं लागतं तेवढंच मागितलं होतं."

"असं कोण म्हणतं?"

"ज्यानं मागितलं तो. हे बघा, इथे लिहिलंय."

कॉनवे खो खो हसले. "अरे, हे कोण लिहीत नाही? त्या सहा पायांच्या खेचरवाल्यानंसुद्धा लिहिलं होतं, अत्यंत काटकसरीनं मागितलंय म्हणून!"

"हा माणूस क्वेकर आहे, साहेब. ते वाढवून सांगत नाहीत."

"तुला काय माहीत तो कोण आहे ते?"

"तारखेवरून."

कॉनवेंचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि दार लावून घेतलं. "हे बघ," ते मऊ आवाजात म्हणाले, "अंदाजांचं पुस्तक छापून झालंय. आज मी तिथे जाऊन काय सांगू? माझ्या माणसानं तारीख वाचली आणि आकडा वाढवला? ते पहिला प्रश्न हा विचारतील की या माणसाला परदेशी लोकांचा एवढा पुळका का. मग ते तुझी माहिती मागवतील." ते क्षणभर थांबले. "तुझा भाऊ लढायला गेला नव्हता ना? देशाशी निष्ठा तपासायला सगळ्यांकडून भरून घेतला, त्या फॉर्मवर तू लिहिलं होतंस."

"हो, साहेब."

"लिहिलंस ते बरं केलंस. मला त्याचं काही नाही रे. पण ते फॉर्म माझ्या कपाटात नसतात, चौकशीवाल्यांकडे असतात." त्यांनी हॅडलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि हात ठेवताच त्यांना तो थरकाप जाणवला असावा, कारण त्यांनी तो लगेच उचलला. "जा, काहीतरी खाऊन घे. दुपारी माझ्या मागच्या खुर्चीत बसायचं, मी मागे हात केला की चिठ्ठी द्यायची. एवढंच काम आहे तुझं."

कॉनवेंनी धमकी दिली नव्हती. हॅडली परत येताना स्वतःला तेच बजावत होता, धमकी नव्हती, सल्ला होता, काळजीनं दिलेला. पण जिन्यात त्याला प्रेंटिसचं टेबल आठवलं. प्रेंटिस खिडकीजवळ बसायचा, पेन्सिली तासून ओळीनं मांडून ठेवायचा. जानेवारीत एका शुक्रवारी तो होता आणि सोमवारी नव्हता. त्याला केक नाही, निरोपाचं भाषण नाही. कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. आठवड्यानं त्या तासलेल्या पेन्सिली लोकांनी एकेक करून उचलल्या. त्यांतली एक हॅडलीनंही उचलली होती. मघाशी चौदाशे अडतीस लिहिलं ते तिनंच. घराचे अजून अकरा वर्षांचे हप्ते होते, मुलगी कॉलेजात होती, आणि पन्नाशीच्या माणसाला, ज्याला फक्त दुसऱ्याचे आकडे कमी करता येतात, बाहेर कोण उभं करणार? त्याला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षाही, ही भीती दिसते आहे याची भीती वाटत होती. समोरून येणाऱ्या मिस डोर्टीला त्यानं मान हलवून अभिवादन केलं आणि मान जरा जास्त वेळ हलत राहिली.

उपाहारगृहात त्यानं घेवड्याचं सूप घेतलं. समोर लॉफ्टस येऊन बसला, शेजारच्या टेबलावरचा, ग्रीसचं काम बघणारा, तोंडाळ गडी. "काय हॅडली, सुपातला आठवा हिस्सा कोणी काढला की काय? हात लावत नाहीस ते!" हॅडली हसला. त्यानं चमचा भरला, उचलला, आणि तोंडापर्यंत जाईतो त्यातलं निम्मं टायवर सांडलं. लॉफ्टसनं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं, आणि एवढा तोंडाळ माणूस पुढे काही बोलला नाही, याचीच हॅडलीला जास्त धास्ती वाटली. ताटलीत पावाचा तुकडा होता. तो त्याला चावता येईना. तोंडात पाणीच नव्हतं.

टेकडीकडे जाताना गाडीत कॉनवे भाषण वाचत होते आणि हॅडली मांडीवर पेटी घेऊन बसला होता. पेटी बारीक खडखडत होती. रस्ता चांगला होता. असा थरकाप आपण पूर्वी कुठे पाहिला आहे, हे त्याला सकाळपासून आठवत नव्हतं आणि आता अचानक आठवलं. सभागृहात. म्हणजे लाकडी बाकांची ती पांढरी खोली, जिला ते सभागृह म्हणत. तिथे पाद्री नसे, गाणं नसे, सगळे तासभर गप्प बसत. कोणाला आतून काही सांगायला आलं तर त्यानं उठून सांगायचं, एरवी नाही. आणि सांगायला आलं आहे हे कसं ओळखायचं? वडिलांनी सांगितलं होतं, अंगाला काप सुटतो. गुडघे, हात, दात. उठावंसं मुळीच वाटत नाही, मेलेलं बरं वाटतं. ते आलं की उठायचं, आणि दोन वाक्यं असतील तर दोन वाक्यं बोलून बसायचं. एल्वूडला लहानपणी कधी तसा काप सुटला नाही. तो मनातल्या मनात खिडकीच्या काचा मोजत बसे. पण फीबी स्टॅनली म्हातारी त्याच्या शेजारच्या बाकावर असायची. एकदा सभेनंतर ती घोडागाडीची वाट बघत उभी असताना त्यानं आगाऊपणे विचारलं होतं, "तू कधीच का उठत नाहीस?" म्हातारीनं त्याच्याकडे बघितलं. "एकदा आलं होतं मला," ती म्हणाली, "त्या दिवशी मी मुकाट बसले. लाज वाटली, झगा जुना होता. मग ते गेलं. हात कसे अगदी शांत झाले. त्याला अकरा वर्षं झाली." एवढं बोलून तिनं आपले दोन्ही हात पुढे धरून दाखवले होते. ते खरोखर शांत होते. एल्वूडला तेव्हा त्यात घाबरण्यासारखं काय आहे ते कळलं नव्हतं आणि तरी तो घाबरून पळाला होता.

समितीची खोली उंच होती आणि तिथे फार गरम होत होतं. लांब टेबलापलीकडे सभासद, अलीकडे कॉनवे, कॉनवेंच्या मागे भिंतीशी खुर्च्या. मागच्या खुर्चीतल्या माणसानं तोंड उघडायचं नसतं. तो म्हणजे पुढच्याची आठवण. अध्यक्ष गहू पिकवणाऱ्या एका राज्यातून निवडून आलेले होते, म्हातारे, थकलेले, आणि बोलण्यात कमालीचे सभ्य. पुस्तकाची पानं उलटत ते ऑस्ट्रियापाशी आले. त्यांनी पानावर बोट ठेवलं. "मिस्टर कॉनवे, इथे एक आठवा हिस्सा कमी केलेला दिसतो. मी शेतकरी माणूस आहे, म्हणून साधं विचारतो. हा नुसता फुगवटा होता, की तुम्ही कोणाच्या ताटातलं काढलंत?"

"फुगवटा होता, सर," कॉनवे म्हणाले. त्यांनी मागे हात केला नाही.

हॅडलीनं चिठ्ठी लिहिली. लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं, ते नखानं साफ करून त्यानं उरलेलं लिहिलं : फुगवटा नव्हता. १५५० हाच खरा आकडा. पुरावा पेटीत आहे. मग तो पुढे वाकला आणि चिठ्ठी कॉनवेंच्या कोपराजवळ सारली. कॉनवेंनी ती वाचली, सावकाश चौघडी केली आणि पाण्याच्या पेल्याखाली ठेवली. पेला हलून पाणी थोडं हिंदकळलं. अध्यक्षांनी ते बघितलं. त्यांनी चष्म्यावरून आधी पेल्याकडे आणि मग भिंतीशी बसलेल्या माणसाकडे नजर टाकली. "त्या मागच्या गृहस्थांना काही सांगायचं आहे का?" ते म्हणाले. "असेल तर सांगा. घाई नाही आपल्याला."

सगळे थांबले. लघुलेखक बाईचा हात कागदावर थांबला. कोणी खोकलं नाही, कोणी पान उलटलं नाही, आणि त्या शांततेत हॅडलीला लाकडी बाकांचा वास आला. ही तीच शांतता होती. त्याचे गुडघे एकमेकांवर आपटत होते, दातांचा आवाज त्याच्याच कानात येत होता, पेटी मांडीवर नाचत होती आणि पेटीत सहाशे बारा मुलांची वजनं होती. पुरतं एक मिनिट गेलं असेल. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर कसलाही राग नव्हता. त्यांना खरंच ऐकायचं होतं. हॅडलीला पुढे कितीतरी दिवस हेच सगळ्यात असह्य होणार होतं, की समोरचा माणूस चांगला होता, की त्यानं वेळ दिला होता. कॉनवे वळून बघत नव्हते. त्यांची मान तेवढी दिसत होती, मागून लालसर, केस नुकतेच कापलेले. दोन वाक्यं होती. त्याला ती पाठ होती. उठायचं, दोन वाक्यं बोलायची आणि बसायचं. डोळ्यांपुढे प्रेंटिसच्या पेन्सिली ओळीनं मांडलेल्या होत्या.

"नाही, सर," एल्वूड हॅडली म्हणाला.

आवाज स्वच्छ आला, अगदी खणखणीत. बाईंनी तो उतरवून घेतला. "ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले, "फुगवटा होता म्हणता तर आणखी थोडा निघेल. शेकडा पाच काढून ठेवा. पुढचं पान." पानांची सळसळ झाली. हॅडलीनं खाली बघितलं. पेटी मांडीवर निमूट पडली होती. त्यानं उजवा हात उचलून बघितला, मग डावा. त्यांत कसलीच हालचाल नव्हती. तो उरलेला दीड तास त्यांच्याकडे बघत बसला, आणि कॉनवेंनी मागे हात केला तेव्हा इटलीच्या कोळशाची चिठ्ठी त्यानं वळणदार अक्षरात लिहून दिली.

संध्याकाळी सहाला तो घरी पोचला. गाडीतून उतरताना कॉनवेंनी पाठीवर थाप मारली होती, चांगली जोरात, आणि म्हणाले होते, "सुटलो रे!" स्वयंपाकघरात त्याची बायको व्हर्ना भाजलेलं मांस कापत होती. वास आला तशी हॅडलीला भूक लागली. भूक म्हणजे अशी की त्याला कोट काढायचंही सुचलं नाही. तो तसाच बसला आणि जेवायला लागला. मांस, बटाटे, गाजरं, रस्सा. व्हर्नानं शेजारणीचं काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि मधेच थांबून त्याच्याकडे बघत राहिली. "बाई गं," ती कौतुकानं म्हणाली, "किती दिवसांनी असा जेवतोयस! हळू खा, एल. कोणी पळवत नाहीये." त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि तेही संपवलं. ताटली रिकामी झाली, कडेला रस्सा राहिला होता. त्यावरून त्यानं बोट फिरवलं, बोट तोंडापर्यंत नेलं, आणि मर्ल जिथे थांबला होता तिथे तो थांबला नाही. बोट चाटून त्यानं हात समोर धरला. दिव्याखाली तो अगदी शांत होता.

"आणखी वाढू?" व्हर्नानं विचारलं.

"वाढ," तो म्हणाला.